नसलेल्या दृश्याचं परीक्षण

माझी परीक्षणं कोण वाचतं, हे मला सव्वीस वर्षांत नीटसं कळलेलं नाही. दर रविवारी एका बेताच्या खपाच्या वर्तमानपत्रात, सातव्या पानावर, शब्दकोड्याच्या शेजारी ती छापून येतात. शब्दकोड्यात चूक झाली तर सोमवारी कचेरीतला फोन थांबत नाही. माझ्या सदराबद्दल एवढ्या वर्षांत तीन पत्रं आली, आणि त्यातलं एक शब्दकोड्याबद्दलच होतं. पाकिटावर चुकून माझं नाव पडलं होतं.

घरी बायको वाचते. सिनेमाला मात्र ती माझ्याबरोबर येत नाही. "तुमच्या शेजारी बसून सिनेमा बघायचा म्हणजे पेपर लिहिताना मास्तर डोक्यावर उभा," असं तिचं म्हणणं. परीक्षण वाचून झालं की ती पेपराची घडी घालते. मी विचारतो, "कसं झालंय?" ती म्हणते, "झालंय." त्या 'झालंय'चा अर्थ लावण्यात माझा रविवार जातो.

पोटासाठी मी ग्रंथालयात नोकरी केली. तिथे परत आलेलं पुस्तक कुणी वाचलं की नुसतं घरी नेऊन आणलं, ते पानांवरून कळायचं. दुमडलेला कोपरा असायचा, चहाचा थेंब असायचा, एखादा केस असायचा. छापलेलं परीक्षण कुणी परत आणून देत नाही. ते जातं कुठे, कुणाच्या हाती पडतं, त्याने काही होतं का, याचं मला कायम कुतूहल होतं. गेल्या वर्षी एकदा त्याचा माग लागला. त्यात माझी फजिती आहे, तरी लिहितो.

आधी माझी पद्धत सांगायला हवी. मी थिएटरातल्या अंधारात टिपणं काढतो. खिशात मावेल एवढी वही आणि बोथट पेन्सिल. टोकदार पेन्सिल करकरते आणि शेजारचे वळून बघतात. अंधारात कोरं पान सापडावं म्हणून लिहून झालेल्या पानांना रबरबँड लावलेला असतो. अंगठा त्याच्या पुढे सरकवला की कोरं पान हाताला लागतं. सिनेमा संपून दिवे लागले की नवी पानं रबरबँडखाली घालायची. घरी आल्यावर मी लगेच लिहीत नाही. दोन दिवस जाऊ देतो. मला स्वतःच्या पहिल्या मतावर भरवसा नाही. दुसऱ्यावरही नाही, पण तोवर मजकूर द्यायची वेळ होते.

त्या महिन्यात कंबर धरल्यामुळे मी आठवडाभर अंथरुणात होतो. दोन सिनेमे साठले, म्हणून मंगळवारी एकाच थिएटरात, एक सकाळी आणि एक दुपारी, असे दोन्ही पाहिले. सकाळचा सिनेमा मोठ्या नटांचा. बाप आणि मुलगा भांडतात, मुलगा घर सोडतो, आई मधल्या मधे. दुपारचा अगदी लहानसा, कुणाचं नाव कुणाला माहीत नाही असा. त्यात एका मुलाची नोकरी गेलेली असते. तो घरी सांगत नाही, रोज सकाळी तयार होऊन बागेत जाऊन बसतो. त्यालाही एक म्हातारी आई. दोन सिनेमांच्या मधल्या वेळात मी थिएटरच्या पायऱ्यांवर बसून केळं खाल्लं, आणि सकाळची पानं रबरबँडखाली घालायला विसरलो.

दोन दिवसांनी वही उघडली तर अक्षरावर अक्षर चढलेलं. अंधारात माझं अक्षर तसंही किड्यामुंग्यांसारखं होतं, त्यामुळे मला त्यात वावगं वाटलं नाही. एका पानावर मला एवढं लागलं: मुलगा गेला. पाठमोरी. इस्त्री, शर्ट. चुरगळते. पुन्हा. वाचता वाचता ते सगळं दृश्य माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. म्हातारपणी एवढं लख्ख आठवतंय म्हणून मी खूशच झालो. सकाळच्या सिनेमाच्या परीक्षणात मी लिहिलं की सिनेमा पोकळ आहे, पण एका दृश्यासाठी अवश्य जा.

"मुलगा घर सोडून गेला आहे. आई त्याचा शर्ट इस्त्री करते आहे. आपल्याकडे तिची पाठ आहे. एक बाही होते, दुसरी होते, कॉलरपाशी हात थांबतो. मग ती तो शर्ट मुठीत धरून चुरगळते आणि पुन्हा पहिल्यापासून इस्त्री करू लागते. शर्ट संपला तर हातांना काम उरणार नाही. या बाईने नुसत्या पाठीने जे सांगितलं ते बाकीच्यांना अडीच तास बोलून सांगता आलेलं नाही."

खाली चार ओळींत दुपारचा सिनेमा उरकला. 'प्रामाणिक, पण संथ.'

रविवारी वर्तमानपत्राच्या उपसंपादक बाईंचा फोन आला. त्या पंचविशीतल्या आहेत, कामाशिवाय कधी बोलत नाहीत. म्हणाल्या, "सर, तो शर्टाचा परिच्छेद मी आईला फोनवर वाचून दाखवला." एवढं बोलून थांबल्या. मी "बरं बरं" म्हणालो आणि फोन ठेवून दिला. बायकोने त्या दिवशी 'झालंय' म्हटलं नाही. पेपर थोडा वेळ मांडीवर ठेवून बसली आणि म्हणाली, "बघायला हवा." सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

पुढच्या मंगळवारी मी थिएटरवर गेलो तर डोअरकीपरने मला दारातच धरलं. तो मला 'लेखक' म्हणतो. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते मी अजून ठरवलेलं नाही.

"लेखक, काय लिहून ठेवलंयत तुम्ही? लोकांनी डोकं खाल्लंय माझं. इस्त्री कधी येणार, इस्त्री कधी येणार!"

"म्हणजे?"

"परवा एक बाई म्हणाल्या, मी वॉशरूमला गेले तेवढ्यात इस्त्री येऊन गेली असणार, पुन्हा दाखवा. काल एक गृहस्थ भांडायलाच उठले, की तुम्ही लोकांनी शो लवकर संपवायला तो सीन कापलात."

"म्हणजे तो सीन नाहीये?"

"आता मी काय सांगू? मी दारावर. मला प्रत्येक सिनेमाचा शेवट तेवढा पाठ आहे. पण असणार हो. दोघीजणी डोळे पुसत बाहेर आल्या. म्हणाल्या, शर्टाच्या सीनने रडवलं."

मी नवा सिनेमा सोडून तिकीट काढलं आणि सकाळचाच सिनेमा पुन्हा पाहायला बसलो. शेजारच्या खुर्चीत माझ्याच वयाचे एक सद्गृहस्थ होते. मुलगा घर सोडून गेल्यावर ते पुढे सरकून बसले आणि मला कोपराने ढोसून म्हणाले, "आता बघा हं." आईने मुलाचं पत्र वाचलं, चुरगळून फेकलं, आणि नवऱ्याशी पुन्हा भांडली. इस्त्री नाही, शर्ट नाही. सिनेमा संपला. दिवे लागल्यावर ते गृहस्थ बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले.

"दिसलं का तुम्हाला?" मी भीत भीत विचारलं.

"दाखवलं नाही," ते म्हणाले, "पण जाणवलं. फार वरच्या दर्जाचं काम आहे."

घरी येऊन मी खिडकीपाशी वही धरली आणि बायकोला हाक मारली. तिची नजर माझ्यापेक्षा बरी आहे. तिने एकेक अक्षर सोडवलं. 'मुलगा गेला', 'चुरगळते' आणि 'पुन्हा' हे शब्द सकाळचे होते. 'पाठमोरी', 'इस्त्री', 'शर्ट' हे दुपारचे, त्यांच्यावर चढलेले.

"म्हणजे तुम्ही दोन सिनेमांचं परस्पर लग्न लावून दिलंत," ती म्हणाली.

"आणि लोक अक्षता टाकून गेले," मी म्हणालो. मला हसू येत होतं आणि घामही फुटला होता.

उपसंपादक बाईंना फोन करून मी सगळं सांगितलं. त्या आधी हसल्या. म्हणाल्या, "सर, दुरुस्ती रविवारीच छापता येईल. पण संपादकसाहेब आधीपासूनच म्हणताहेत की सातव्या पानावर वाचकांनी दिलेले तारे छापू या, परीक्षण कशाला हवं. त्यांच्या हातात कोलीतच मिळेल."

"छापा तरी," मी म्हणालो. मी धीट आहे म्हणून तसं म्हणालो असं नाही. चूक माहीत असून गप्प बसण्याची मला जास्त भीती वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारावर थाप पडली. दारात साठीच्या एक बाई उभ्या होत्या. ठेंगण्या, दंड चांगले भरलेले, उजव्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग. त्यांच्या हातात माझ्या परीक्षणाचं कात्रण होतं. त्याला एकसुद्धा चुणी नव्हती, ते कडक इस्त्री केलेलं होतं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो. पण त्यात एक—"

"ती पाठ माझी आहे," बाई म्हणाल्या. "इस्त्रीवाली. दुपारच्या सिनेमातली. तुम्ही भलत्याच बाईच्या नावावर लावलीत."

बायकोने त्यांना आत बसवलं, पाणी दिलं. मी काय म्हणत होतो ते कुणीच ऐकत नव्हतं, म्हणून मीही बसलो.

बाईंचं लॉण्ड्रीचं दुकान होतं. तीस वर्षं त्या कपडे इस्त्री करत होत्या आणि सिनेमावाल्यांना गर्दीत, बाजारात, रुग्णालयाच्या बाकावर एखादी बाई लागली की जात होत्या. "तोंड कधी दिसलं नाही माझं. नाही म्हणायला एकदा दिसलं होतं, तर त्यावर पाटी आली, मध्यंतराची." हे त्यांनी इतक्या कोरडेपणाने सांगितलं की बायको खो खो हसली.

मग त्या मुद्द्यावर आल्या. एका दिग्दर्शकाला त्याच्या नव्या सिनेमासाठी आई हवी होती. मोठं काम, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. त्याने माझं परीक्षण वाचलं आणि सकाळच्या सिनेमातल्या आईला, म्हणजे त्या दुसऱ्या नटीला, बोलावणं धाडलं. कपड्यांच्या निमित्ताने सिनेमावाले लॉण्ड्रीत येत-जात असतात, त्यांच्याकडून बाईंना कळलं. अभिनयाची चाचणी शनिवारी होती.

"मी फोन केला त्यांना," बाई म्हणाल्या. "सांगितलं, ती मी आहे. ते म्हणाले, असं म्हणणाऱ्या तुम्ही चौथ्या."

"रविवारी दुरुस्ती छापून येतेय," मी म्हणालो.

"रविवारी?" लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कोट न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाकडे बघावं, तसं बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "शनिवारी काम ठरणार. रविवारी तुमचं छापून आलेलं घेऊन मी काय करू? पुन्हा इस्त्री करू?"

बायको म्हणाली, "अहो, तुम्ही जा ना त्यांच्याबरोबर. तोंडाने सांगा."

तोंडाने सांगायचं हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. सव्वीस वर्षांत मी एकाही दिग्दर्शकाला भेटलो नव्हतो. भेटू नये म्हणूनच तर मी लिहितो. पण त्या दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, "आधी मला ते दृश्य एकदा नीट बघू द्या. आता माझा माझ्यावर विश्वास नाही."

दुपारच्या सिनेमाचा गुरुवारी शेवटचा खेळ होता. माझ्या चार ओळींचा त्यात किती हात होता, देव जाणे. थिएटरात आम्ही धरून अकरा माणसं. बाई माझ्या शेजारी हाताची घडी घालून बसल्या. मी वही नेली नव्हती.

ते दृश्य वीस सेकंदांचं निघालं. मुलगा न्हाणीघरात आहे. पाठमोरी आई भराभर त्याचा शर्ट इस्त्री करते. तिचा हात थांबत नाही, ती काही चुरगळत नाही, पुन्हा काही करत नाही. मी मनातून खट्टू झालो. एवढंच? आणि तेवढ्यात मला ते दिसलं. इस्त्री टेकवायच्या आधी तिने शर्टाच्या खिशात दोन बोटं घातली. खिसा रिकामा होता. बोटं तिथे क्षणभर, अर्धा क्षण, जास्त राहिली. मग इस्त्री चालू झाली. त्या खिशात रोज त्याचं कचेरीचं ओळखपत्र असायचं. म्हणजे आईला कळलेलं आहे. तिला कळलंय, आणि तरी ती शर्ट इस्त्री करून देते आहे. पहिल्या वेळी मी खाली मान घालून 'इस्त्री, शर्ट' लिहीत होतो, तेव्हा हे घडून गेलं होतं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "खिशात हात घालायला कुणी सांगितलं होतं?"

"कुठला खिसा?"

"इस्त्रीच्या आधी."

"ते होय! ते कोण सांगणार? लॉण्ड्रीत खिसा बघितल्याशिवाय कापडाला इस्त्री लावत नाहीत. नाहीतर पेन फुटतं आणि आपण निस्तरत बसतो. सवय हो."

"आणि बोटं थांबली ती?"

बाई चालता चालता थांबल्या. "थांबली?" दुकान आलं तेव्हा कुलूप काढत म्हणाल्या, "खिसा रिकामा लागला, तेव्हा मला एकदम वाटलं, अरेच्चा. एवढंच. पण ते राहू दे. शनिवारी मी तुम्ही लिहिलंय तसंच करणार. तो माणूस ते वाचून बोलावतोय. तुमचंच चांगलं आहे, माझ्यापेक्षा."

"पण ते मी लिहिलेलं खोटं आहे."

"असू दे. चांगलं आहे ना?"

मी त्यांना शनिवारची वेळ विचारली आणि घरी निघालो.

शनिवारी आम्ही गेलो. विजेच्या सामानाच्या दुकानावर एक लांबट खोली होती, तिथे तालमी चालत. बाहेरच्या बाकावर सकाळच्या सिनेमातल्या नटी बसल्या होत्या. उंच, देखण्या, माझ्याहून थोड्या लहान. मी त्यांच्यापुढे उभा राहिलो आणि घसा साफ करून एका दमात सगळं सांगून टाकलं. रबरबँडसुद्धा सांगितला.

त्या शांतपणे ऐकत होत्या. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "म्हणजे मी ते केलंच नाही? मला वाटत होतं केलं असणार. आजवर तेवीस आया केल्या मी. कुठल्या आईने काय इस्त्री केलं, कुणाच्या लक्षात राहतं? म्हटलं, छापलंय म्हणजे खरंच असेल." मग बाईंकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही का त्या? पाठ चांगली आहे हो तुमची. मी गेला आठवडाभर तिची शाबासकी घेतेय. माझ्या जावईबापूंनी फुलं धाडली."

"फुलं ठेवा तुम्ही," बाई म्हणाल्या. "काम मला द्या."

"ते आता आतला माणूस देणार. मी झाले माझं करून."

आतला माणूस चाळिशीचा असेल. बूट काढून जमिनीवर मांडी घालून बसला होता, पुढ्यात कात्रण. समोर टेबल, त्यावर इस्त्री आणि पांढरा शर्ट. मी पुन्हा सगळं सांगितलं. त्याने माझ्याकडे, मग बाईंकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाला, "करा."

बाईंनी इस्त्रीला हात लावला. "ही थंड आहे."

"नाटकापुरती आहे."

"थंड इस्त्रीने मला नाही येत. बटण कुठाय?"

बाईंनी बटण दाबलं आणि इस्त्री तापू दिली. मग त्यांनी आमच्याकडे पाठ केली आणि माझं परीक्षण करून दाखवलं. एक बाही. दुसरी बाही. कॉलरपाशी हात थांबला. मग शर्ट मुठीत धरला, आणि तिथे मला दिसलं की त्यांना ते जमत नाहीये. तीस वर्षं चुण्या काढलेल्या हातांना चुणी पाडवत नव्हती. त्यांनी शर्ट नुसता हळूच दाबला, जसं कुणी उशी दाबून बघतं. पुन्हा इस्त्री धरली. सगळं सावकाश, समजुतीने, लिहिल्याबरहुकूम.

दिग्दर्शकाने मला विचारलं, "तुम्ही लिहिलंत ते हेच का?"

"हेच," मी म्हणालो.

"मग कसं वाटलं?"

मला मत द्यायला दोन दिवस लागतात. आणि मी ज्यांच्याबद्दल लिहितो ते कधी माझ्यापासून चार हातांवर उभे नसतात. बाई वळून माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं की मी आता 'छान' म्हणावं. छान म्हटलं असतं तर कदाचित तिथेच काम झालं असतं. त्या माणसाला माझ्या शब्दाची किंमत वाटत होती, हे मला दिसत होतं. आयुष्यात पहिल्यांदा ते दिसत होतं, आणि नेमका तो शब्द मला देता येईना.

"चांगलं नाही झालं," मी म्हणालो.

"अहो!" बाई म्हणाल्या.

"माफ करा. पण तुम्ही माझं केलंत. मी ते घरी बसून, दोन सिनेमांची टिपणं मिसळून लिहिलंय. कापड हातात धरणारं माणूस तसं करणार नाही. सिनेमात तुम्ही खिसा बघितलात ते याच्या शंभरपट वर होतं, आणि तेच मी लिहिलं नाही. मला ते दिसलंच नव्हतं."

"कुठला खिसा?" दिग्दर्शकाने विचारलं.

मी सांगू लागलो, पण बाईंनी मला हातानेच गप्प केलं. त्यांचे कान लाल झाले होते. त्या माझ्यावर चिडल्या होत्या, आणि त्या चिडीतच त्यांनी शर्ट झटकून टेबलावर टाकला. पाण्याचे चार थेंब बोटांनी उडवले. खिशात दोन बोटं गेली. तिथे थांबली. मग इस्त्री चालली ती लॉण्ड्रीतल्या वेगाने. पाठ, बाह्या, कॉलर आतून, कॉलर बाहेरून. घडी घातली आणि तो शर्ट त्यांनी सरळ दिग्दर्शकाच्या अंगावर फेकला. "घ्या. उद्या कामावर जा."

तो तसाच बसून राहिला, शर्ट मांडीवर घेऊन. मग म्हणाला, "आता हेच, पण तोंड माझ्याकडे करून."

बाईंचा हात इस्त्रीवर होता. तो त्यांनी काढला. एवढ्या वर्षांत हे वाक्य त्यांना कुणी म्हटलं नसावं. त्यांनी पदराने चेहरा पुसला, टेबलाच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बोट केलं.

"यांना आधी बाहेर घालवा."

"का?" मी विचारलं.

"तुम्ही बघायला लागलात की मला वाटतं, हे घरी जाऊन काय लिहितील. मग हात आपला राहत नाही."

मी बाहेर आलो आणि बाकावर बसलो. तेवीस आया केलेल्या नटी अजून तिथेच होत्या. "काय चाललंय आत?" त्यांनी विचारलं. मला माहीत नव्हतं. दाराला कान लावायचा मोह मला झाला, त्यांनाही झाला असावा, पण एकमेकांसमोर आम्ही ते केलं नाही. इस्त्री टेकवल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. मग दिग्दर्शक काहीतरी म्हणाला आणि बाई हसल्या. मग पुन्हा शांतता, आणि ती मला फार लांब वाटली.

"मिळालं तिला," शेजारून नटी म्हणाल्या.

"कशावरून?"

"नाही म्हणायला एवढा वेळ लागत नाही. मला चार मिनिटांत सोडलं."

मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "राहू द्या हो. मात्र एक करा. उद्या छापाल तेव्हा मी वाईट होते असं नका लिहू. मी तिथे नव्हते, एवढंच लिहा." मी तसंच लिहीन म्हणालो, आणि उपसंपादक बाईंना तिथूनच फोन करून दुरुस्तीतलं एक वाक्य बदलून घेतलं.

दार उघडून बाई बाहेर आल्या. चेहरा घामाने चमकत होता. पिशवी उचलली, नटींना मान लवून नमस्कार केला आणि जिना उतरायला लागल्या. मी मागोमाग.

"काय झालं?"

"सोमवारपासून जायचंय. लॉण्ड्री भाचीला सांभाळायला सांगावी लागेल."

मी दोन पायऱ्या भराभर उतरलो. "आणि आत काय केलंत? तोंड इकडे करून? खिसा बघितलात तेव्हा चेहऱ्यावर काय—"

बाई खालच्या पायरीवरून वळल्या. माझ्यावरचा राग पुरता गेलेला नव्हता, पण हसू दाबलेलं दिसत होतं.

"ते तिकीट काढून बघा," त्या म्हणाल्या. "आणि बघताना वर बघा."